मालवाहू विमानातला फ्लाइट इंजिनिअर: वजन, हवा आणि लेहची धावपट्टी

मांजराकाठचा (धागाकर्ता)

राफेलच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं की मालवाहू विमानांबद्दल सांगण्यासारखं काय असणार, माल चढवायचा आणि उतरवायचा. तिथे उत्तर लिहायला बसलो ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

मी अंबाजोगाईकडचा. हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालो. बेळगावला सांबऱ्यात रंगरूट, मग बंगळुरूला जालहळ्ळीत इंजिन फिटरचं शिक्षण. काही वर्षं टारमॅकवर पाने फिरवले आणि मग फ्लाइट इंजिनिअरसाठी निवड झाली. आधी चंदीगडला एएन-१२, नंतर आग्र्याला आयएल-७६, दोन्ही मालवाहू विमानं. बदल्यांची बाकी जंत्री सोडून देतो.

एएन-१२ आता आपल्याकडे उडत नाही, म्हणून थोडं सविस्तर. चार पंख्यांचं सोव्हिएत बनावटीचं विमान, १९६१ साली आपल्याकडे आलं. २० टनांपर्यंत माल घ्यायचं. नाकाशी काचेची खोली, तिथे नेव्हिगेटर. शेपटीत गनरची जागा. हवेचा दाब राखलेला भाग फक्त पुढचा. मागच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या भागात, बाहेर जी हवा तीच आत, त्यामुळे डोंगर ओलांडताना तिथे काम करणाऱ्यांना ऑक्सिजनचा मास्क लावावाच लागे. ऑक्टोबर १९६२ मध्ये याच विमानांनी २० लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटचे सहा एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमध्ये चुशुलला नेऊन उतरवले, चौदा हजार फुटांच्या वर. १९७१ च्या युद्धाच्या पहिल्याच रात्री याच मालवाहू विमानांनी मागच्या दारातून बॉम्ब टाकून पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्यावर हल्ला केला. हे दोन्ही माझ्या आधीचं. पण त्यातल्या काही विमानांची इंजिनं पुढे माझ्या हाताखालून गेली असतील, या विचाराने मला आजही बरं वाटतं.

एएन-१२ च्या एआय-२० इंजिनाची गोष्ट अशी की ते कायम एकाच गतीने फिरतं, मिनिटाला १२,३०० च्या आसपास. ताकद वाढवायची तर इंधन वाढतं आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो, फेरे तेवढेच राहतात. त्यामुळे नुसत्या आवाजावरून इंजिन किती जोर लावतंय ते नवख्याला समजत नाही. टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा काटा बघायचा, तापमानाचा बघायचा, आणि पायाखालच्या पत्र्याची थरथर लक्षात ठेवायची. चार इंजिनांची मिळून एक थरथर असते. एक जरी वेगळं वागलं तर काटा हलण्याआधी तळपायाला समजतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमच्या वॉरंट ऑफिसरांनी शिकवलं.

आता काम काय? पायलट विमान चालवतो, नेव्हिगेटर वाट सांगतो. विमान स्वतः कसं आहे हे फ्लाइट इंजिनिअरने सांगायचं. पहाटे सगळ्यांच्या आधी विमानाजवळ. फॉर्म सेव्हन हंड्रेड वाचायचा, म्हणजे विमानाची वही, काल काय बिघडलं आणि कोणी सही केली ते. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत इंधन काढून पाणी आहे का बघायचं. चाकं, पाती, तेल. रशियन हायड्रॉलिक तेल लालभडक असतं, त्यामुळे गळती लगेच दिसते, आणि बाहीवर पडलं की डाग आयुष्यभराचा. आयएल-७६ मध्ये दोन पायलटांच्या मध्ये, जरा मागे माझी जागा होती. कॅप्टन हुकूम द्यायचा आणि त्यानुसार चारही इंजिनांची ताकद मी लावायचो.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम कागदावर होतं. आज, या तापमानाला, या धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल?

लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटही भरत नाही. हवा विरळ म्हणजे इंजिनाला कमी मिळते आणि पंखालाही कमी मिळते, म्हणून विमानाला उडायला जास्त वेग आणि जास्त लांबी लागते. ऊन चढलं की ती आणखी विरळ होते. शिवाय एका अंगाला डोंगर. म्हणून पश्चिमेकडून यायचं, चढावर उतरायचं, आणि जाताना पुन्हा पश्चिमेकडेच तोंड करून उतारावर धावायचं. दुपार झाली की खोऱ्यात वारा सुटतो, म्हणून सगळी कामं सकाळीच. पहाटे सहाला जेवढं वजन चालतं तेवढं दहाला चालत नाही. धावपट्टी तीच, विमान तेच.

वजन किती यासोबत कुठे हेही. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं. पुढे जास्त झाला की धुरजड, सगळं बैलाच्या मानेवर. विमानाचंही तसंच, फक्त तिथे खाली उतरून पोतं सरकवता येत नाही. म्हणून ट्रिम शीट, म्हणजे कुठे किती वजन ठेवलं आणि तोल कुठे येतो त्याचा कागद.

म्हणजे शेवटी माझं काम 'नाही' म्हणायचं होतं. याबद्दल एक आठवण सांगतो.

एएन-१२ चे दिवस. आम्ही लेहला उतरलो आणि परतीच्या वाटेवर ढग आले म्हणून थांबावं लागलं. परतीच्या मालात दुरुस्तीला पाठवायची यंत्रसामग्री होती, होल्डमध्ये साखळ्यांनी बांधलेली, आणि बाकीच्या जागेत सुट्टीवर जाणारे जवान. त्यात एक पोरगा माझ्या छातीवरची पाटी वाचून जवळ आला. "साहेब, आपल्याकडले का?" मुखेडकडचा होता. बहिणीचं लग्न होतं. किती तरी दिवस विमानाची वाट बघत तिथे थांबला होता, कारण हवामान साथ देत नव्हतं. बोलता बोलता त्याने पत्रिका काढून दाखवली.

ढग सरले तोवर ऊन चांगलं तापलं होतं. कॅप्टनने आकडा मागितला. मी पुन्हा मांडला. सकाळी बसत होतं ते आता बसत नव्हतं. उड्डाणात एक इंजिन गेलं तर उरलेल्या तिघांवर त्या खोऱ्यात चढता आलं पाहिजे, हा हिशोब असतो, आणि तो जमत नव्हता. यंत्रं सोडवून उतरवायची तर तासभर जाणार, तेवढ्यात आणखी गरम होणार. कॅप्टनने विचारलं, किती कमी? मी सांगितलं. त्यांनी मागे निरोप दिला, आणि यादीत शेवटी असलेली माणसं उतरली. तो त्यांच्यात होता.

जवळचा एखादा आकडा जरा सैल धरता आला असता का, असं मला घरच्यांनीसुद्धा विचारलं आहे. नाही. आत जेवढे बसले होते, त्या प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी वाट बघतच होतं. आज पुन्हा तीच सकाळ आली तर मी तोच आकडा सांगेन. तो पोरगा पुढच्या खेपेला आला, तोवर लग्न होऊन गेलं होतं. मला राम राम केला आणि ट्रंकेवर बसून राहिला.

विचाराल तसं पुढे लिहीन.

ज्वारीचं_रान

काका, लई मनापासून लिवलंय. त्या मुखेडच्या पोराचं वाचून कसंतरीच झालं. मह्या मावसभावाला सियाचीनला पोस्टिंग होती. तो सांगायचा, विमानातून उतरलं की आधी काही दिवस नुसतं अंगाला हवा लावून घ्यायची, पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आयएल-७६ बद्दल अजून लिवा. एवढं मोठं धूड उतरतं कसं?

मांजराकाठचा

ज्वारीचं_रान, आयएल-७६ आपल्याकडे १९८५ ला आलं, नाव ठेवलं गजराज. चार जेट इंजिनं, प्रत्येकाचा जोर १२ टन. चाकं एकूण वीस, पुढे चार आणि पोटाखाली सोळा, म्हणजे भार वाटला जातो. टायरमधली हवा उडतानाच कमी-जास्त करता येते, कच्च्या धावपट्टीसाठी कमी, पक्क्यासाठी जास्त. छताला अडीच-अडीच टन उचलणारे चार हॉइस्ट, म्हणजे माल उचलायची यंत्रं. क्रेन नसलेल्या ठिकाणीही माल उतरवता येतो, आणि आपल्या सीमेवर हेच लागतं. ४१ टनांचा टी-७२ रणगाडा एका वेळी एक, असे लेहला नेलेले आहेत. रणगाडा आत येताना अख्खं विमान जरा बसतं. त्या वेळी मी रॅम्पच्या, म्हणजे मागच्या उतरत्या दाराच्या बाजूला उभा राहून चाकांकडे बघत असे.

३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमधला उठाव मोडायला जे आयएल-७६ गेले ते आग्र्याहूनच. त्यांत मी नव्हतो. आमच्या स्क्वाड्रनच्या लोकांकडून ऐकलं ते एवढं, की दोन हजार किलोमीटरच्या वर सलग उड्डाण, हुलहुले बेटावरची धावपट्टी रात्री अंधारात, दिवे क्षणभर लागले आणि विझले, आणि तेवढ्यावर उतरले. पॅराचे, म्हणजे छत्रीधारी दलाचे जवान मागे बसलेले. धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे हे उतरेपर्यंत खात्रीने माहीत नव्हतं. या मोहिमेची आठवण काढताना कमांडोंचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण त्यांना तिथपर्यंत कोणीतरी नेलं होतं.

हदगावचा_सुभेदार

राम राम साहेब. मी तुमच्या दुसऱ्या टोकाला होतो. पायदळात, उत्तरेकडच्या पुढच्या चौकीवर. हिवाळ्यात वाट बंद झाली की सगळं वरून यायचं. आम्ही डीझेडवर, म्हणजे माल टाकायच्या जागेवर, खुणेचे पट्टे अंथरायचो, धूर लावायचो म्हणजे वारा कुठला ते वरून दिसावं. मग लांबून घरघर. आवाज आला की चौकीतला स्वयंपाकीसुद्धा बाहेर. विमान डोक्यावरून जायचं, मागून पोती, डबे, छत्र्या. रॉकेलचे जेरीकॅन छत्रीने यायचे. वारा फिरला तर नाल्यात. नाल्यातलं एक जेरीकॅन काढायला सबंध दिवस जायचा, पण काढायचो, कारण रॉकेल म्हणजे पाणी. बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला थेंब नाही.

एकदा टपाल आलं होतं पोत्यात. दिवाळीचा फराळ दिवाळी होऊन बऱ्याच दिवसांनी मिळाला, शंकरपाळ्यांचा भुगा झालेला. आम्ही तो चमच्याने वाटून खाल्ला. वर कोण होतं ते कधी कळलं नाही. आज इथे भेटलात. मनापासून धन्यवाद.

मांजराकाठचा

सुभेदारसाहेब, राम राम. तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

वरची बाजू सांगतो. ढकलणारे गडी आर्मी सर्व्हिस कोअरचे, इजेक्शन क्रू. मास्क लावलेला, कमरेला पट्टा, पायाशी उघडं दार आणि खाली बर्फ. छत्र्या कानपूरच्या कारखान्यातल्या. पिठाची पोती बिनछत्रीची टाकायची तर एकात एक बारदाना घालून सैल भरायची, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. दार उघडून माल सरकू लागला की विमानाचा तोल सारखा बदलत राहतो, आणि एकदम बराच माल गेला की नाक खाली-वर होतं. खोऱ्यात, कमी वेगात, दोन्ही बाजूंना कडे असताना. पायलट आणि मी, दोघांनाही त्या वेळी श्वास घ्यायची आठवण राहत नसे. हिरवा दिवा, घंटा, गेला माल, आणि लगेच पूर्ण ताकद. खालची माणसं आम्हाला ठिपक्याएवढी दिसायची. कोणी हात हलवायचं. आम्ही पंख हलवायचो.

नाल्यात पडलेलं आम्हालाही वरून दिसायचं. त्या दिवशी मेसमध्ये कोणी फार बोलत नसे.

तेरणामाई

दादा, मी उमरग्याची. किल्लारी झाली तेव्हा शाळेत होते. आमच्याकडे मदतीला फौज आली ते आठवतं. तुम्ही होतात का त्यात? आणि भूकंपाच्या वेळी विमानाने नेमकं काय नेतात?

मांजराकाठचा

ताई, ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटे चारच्या जरा आधी. मी आग्र्याला होतो, त्या मदतकार्यात माझा भाग नव्हता. सुट्टी मिळाली तसा गावाकडे आलो आणि किल्लारी, सास्तूरकडून फिरलो. आपल्याकडची जुनी घरं दगडमातीची, वर माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून मातीचा थर चढवत जायचा. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पण वर टनावारी माती, खाली भिंतीत गोटे रचलेले. भिंत सरकली आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आयुष्यभर वजनाचे कागद भरणारा मी, तिथे एका पडलेल्या माळवदावर उभा राहून किती टन असेल ते मनात मांडत होतो. मांडायचं नव्हतं, पण डोकं थांबेना. आमचं स्वतःचं घरही माळवदाचंच होतं. त्या वर्षी वडिलांशी वाद घालून वरची माती काढायला लावली.

भुजला मात्र गेलो. २६ जानेवारी २००१. तिथल्या हवाई तळाचंही नुकसान झालेलं, तिथली माणसंही गेलेली, तरी धावपट्टी चालू ठेवली होती. पहिल्या खेपांना डॉक्टर, शस्त्रक्रियेचं सामान, जनरेटर, तंबू. नंतर ब्लँकेट, पाणी, अन्न. एक गोष्ट लोकांना माहीत नसते: ब्लँकेट आणि कपड्यांनी विमान भरतं, पण वजन भरत नाही. जागा संपते आणि एवढं मोठं विमान निम्म्या भाराने जातं. पाण्याच्या पेट्यांचं उलट, होल्ड रिकामा दिसतो आणि वजन संपलेलं असतं. म्हणून दोन्ही मिसळून भरायचं, जड तळाला आणि मध्यावर, हलकं वर. मदत पाठवणारे मनापासून पाठवतात, पण जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत तंबूची जागा जाते. पुन्हा कधी वेळ आली (येऊ नये), तर आधी काय हवंय ते विचारून पाठवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पैनगंगा

छान धागा. थोडा वेगळा मुद्दा. मी हिंगोलीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. सी-१७ या नव्या मालवाहू विमानात दोन पायलट आणि एक लोडमास्टर (माल चढवणं-बांधणं बघणारा) एवढ्यांवर भागतं. सी-१३०जे या दुसऱ्या मालवाहू विमानातही फ्लाइट इंजिनिअर नाही. तापमान, उंची, वजन टाकलं की संगणक काही क्षणांत उत्तर देतो, तेही न थकता. माणसं कमी म्हणजे चूक होण्याच्या जागा कमी. तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, ही खुर्ची गेली यात वाईट काय?

मांजराकाठचा

पैनगंगा, प्रश्न रास्त आहे. हिशोब संगणक माझ्यापेक्षा चांगला करतो, यात वाद नाही. सी-१७ सत्तर टनांच्या वर नेतं, इंजिनांवर क्षणोक्षणी नजर ठेवतं. २०१३ मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा मला आनंदच झाला.

पण संगणकाला वजन कोण सांगतं? एकदा आसामच्या बाजूला तंबू चढवत होते. कागदावर प्रत्येक गठ्ठ्याचं वजन लिहिलेलं, बेरीज बरोबर. मी खाली चाकांपाशी गेलो. चाकाच्या दांड्यावर, ज्याला आम्ही ओलिओ म्हणतो, घासून चकचकीत झालेला भाग दिसतो. भार वाढला की तो आत जातो. कागदावर जेवढा भार होता त्या मानाने तो फारच थोडा उरला होता. गठ्ठ्यात हात घातला, कॅनव्हास आतपर्यंत ओलं. रात्रभर पावसात उघड्यावर पडलेले तंबू, आणि वजन गोदामातल्या कोरड्या दिवसाचं. उतरवून पुन्हा वजन केलं, फरक एवढा निघाला की माल दोन खेपांत न्यावा लागला. संगणकात ते कोरडं वजनच गेलं असतं आणि उत्तरही अचूक आलं असतं.

तर माझं म्हणणं खुर्चीबद्दल नाही. विमानाखाली जाऊन, वाकून, हात लावून बघणारं कोणीतरी पाहिजे, आणि त्याने 'नाही' म्हटलं तर बड्या अधिकाऱ्यानेही ते ऐकलं पाहिजे. आमच्या काळात ते ऐकलं जाई. विंग कमांडर हुद्द्याचा कॅप्टन वॉरंट ऑफिसरच्या आकड्यावर उड्डाण थांबवताना मी पाहिला आहे, एकदा नाही, वारंवार. सी-१७ मध्ये ते काम लोडमास्टरकडे आहे. त्याचा शब्द तेवढाच चालावा, एवढंच.

पैनगंगा

ओल्या तंबूंचं उदाहरण पटलं. आमच्या क्षेत्रातही चुकीची माहिती आत गेली की पुढचं सगळं चुकतं. खुर्चीबद्दलचं मत कायम, बाकी मान्य.

औंढ्याची_वाट

काका, १९६८ ला बेपत्ता झालेलं एएन-१२, ज्यातले जवान अजून सापडत आहेत, त्याबद्दल तुमच्या वेळचे लोक काय बोलायचे?

मांजराकाठचा

७ फेब्रुवारी १९६८. चंदीगडहून लेहला निघालेलं, आत १०२ माणसं, बहुतेक जवान. लेहचं हवामान बिघडलं म्हणून पायलटने माघारी फिरायचा निर्णय घेतला, आणि रोहतांग खिंडीच्या बाजूला संपर्क तुटला. पस्तीस वर्षं पत्ता नव्हता. २००३ मध्ये गिर्यारोहकांना लाहौलमधल्या ढाका हिमनदीवर अवशेष मिळाले. २०२४ मध्ये आणखी चौघांचे देह मिळाले, छप्पन वर्षांनी.

मी चंदीगडला गेलो तेव्हा त्या काळातले काही जुने लोक अजून नोकरीत होते. ते त्याबद्दल फारसं बोलत नसत. पण त्यांच्यातला कोणीही माघारी फिरण्याच्या निर्णयाला कधी नाव ठेवत नसे. नव्या पोरांना उलट हेच सांगत: लेह दिसलं नाही तर फिरायचं, आत किती जणांची सुट्टी अडली आहे ते बघायचं नाही. ते परत येत होते, बरोबर करत होते, तरी डोंगराने गाठलं. ज्या घरी छप्पन वर्षांनी देह आला, तिथे वाट बघणारी बायको, आई, कोण उरलं असेल? हे लिहिताना हात थांबतो. पुढचा प्रश्न घ्या.

गेवराईची_ताई

काका, भाचा अकरावी सायन्सला आहे. तुमचं लिखाण वाचून म्हणतो, मला विमानात बसायचं पण पायलट नाही व्हायचं, तुमच्यासारखं काम करायचं. आता आहे का तशी वाट?

मांजराकाठचा

ताई, त्याला माझा आशीर्वाद सांगा. नव्या विमानांत फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची नाही, आयएल-७६ आहेत तोवर ती तिथे आहे. पण लोडमास्टरचं काम आहे, आणि जमिनीवरचं देखभालीचं काम तर कधीच संपणार नाही. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी घेऊन तिन्ही नीट करायला सांगा, अग्निवीरवायूच्या, म्हणजे हवाई दलातल्या अग्निवीर भरतीच्या सायन्स गटाला तेच लागतं. इंग्रजीकडे आपली पोरं दुर्लक्ष करतात, ते करू नये, कारण सगळ्या मॅन्युअल इंग्रजीत. पदविका करायची असेल तर यांत्रिकी घ्यावी. वडोदऱ्याला सी-२९५ या मालवाहू विमानाची जुळणी सुरू झाली आहे, म्हणजे मालवाहू विमानावर हात चालवणारी माणसं दलाबाहेरही लागणार.

आणि सुट्टीत त्याला एखाद्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये पाठवा. पगार मिळो न मिळो. बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे, हे हाताला आधी समजू द्या. मोबाइल नंबर इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा, मी त्याच्याशी सविस्तर बोलतो. रविवारी सकाळी मोकळा असतो.